नवऱ्याच्या हातातला हिरवा चुडा

माझ्या बांगड्या फोडायला बायांनी मला मागच्या अंगणात दगडापाशी बसवलं होतं, आणि त्याच वेळी पुढच्या अंगणात माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या हातात हिरवा चुडा भरणं चाललं होतं. आमच्या घराची दोन्ही दारं समोरासमोर होती, म्हणून मला दिसलं. नाहीतर कोणी सांगितलंही नसतं.

मी उठले. जावेनं हात धरला, असं मधातून उठत नाहीत म्हणाली. मी हात झटकला आणि घरातून पुढे गेले. तिरडीवर हिरवं लुगडं नेसवलेलं, कपाळावर मोठं कुंकू, गालांना पावडर, ओटीत नारळ आणि तांदूळ. आणि ओठावर मिशी नव्हती. न्हावी बाजूला वस्तरा पुसत उभा होता.

माझा नवरा खडी गंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या तमाशात, बाईचं काम करायचा. त्या काळी गंमतीत बाई उभी राहत नसे, पुरुषच लुगडं नेसायचा. आष्टी, तळेगाव, पार पवनारपर्यंत लोक त्यांना राणी म्हणूनच ओळखत. त्यांच्यासारखं लुगडं नेसणारा दुसरा नाही म्हणत, आणि ते खरंही होतं. शेजारणी मला म्हणायच्या, तुला चालता येत नाही, नवऱ्याकडून शीक. एकदा तळेगावच्या बाजारात मी बांगड्या भरायला बसले, तर बांगड्यावाल्यानं मला सोडून यांचाच हात धरला. आधी राणीला भरतो म्हणाला. बाजार हसला. हेही हसले. घरी येऊन जेवले नाहीत.

गंमत संपली की बायका यांची ओटी भरायच्या. जिची पोरगी सासरी सुखात नाही ती तर हमखास. राणीची ओटी भरली की घरात चांगलं होतं, असा समज झाला होता. दिवसा मात्र याच बायकांचे नवरे रस्त्यात यांना पाहून कमरेवर हात ठेवून मुरडायचे. आमच्या मुलीला सोयरीक आली तेव्हा मुलाच्या चुलत्यानं भरल्या बैठकीत विचारलं, व्याह्याला आहेर धोतराचा करायचा की लुगड्याचा. सोयरीक मोडली. अशा घरी पोरगी गेली नाही ते बरंच झालं. पण हे त्या दिवशी ओसरीवर बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत, आणि त्यानंतर गंमतीत पुन्हा उभे राहिले नाहीत. लोक म्हणतात दम्यानं सोडली. दमा नंतरचा.

गंमत सोडल्यावर त्यांनी मिशी ठेवली. विरळ, पांढरी, एका बाजूला कमी. रोज सकाळी तिला बोटानं तेल लावायचे. मला हसू यायचं आणि मी ते लपवायची नाही. ते म्हणायचे, "हास तू. पण मी मेलो का मले धोतरात जाळजो. राणी म्हणून मले नाई जायचं." सगळ्या संसारात माझ्याकडे त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट.

आणीबाणी उठल्यावरच्या उन्हाळ्यात ते सकाळी गेले आणि दुपारपर्यंत अंगण भरलं. खोकत पडले होते तेव्हा यातलं कोणी पाणी विचारायला आलं नव्हतं. आता ऊर बडवत होते. पवनारचा एक म्हातारा सांगत होता की, राणीचं रडणं पाहून तो घरी गेला आणि बायकोवर उचललेला हात त्यानं खाली घेतला. दुसऱ्यानं विचारलं, मंग पुढच्या साली गंमत आली नाई तवा? "तवा पुन्हा उचलला," म्हातारा म्हणाला. मयताच्या अंगणात लोक हसले.

सगळ्यांच्या पुढे गंमतीच्या पार्टीचा शाहीर होता. यांच्यासोबत उभा जन्म डफ वाजवलेला माणूस. राणीला अहेव न्यायचं हे त्यानंच ठरवलं. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला आमच्याकडे हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून नेतात, तिचं मरण भाग्याचं मानतात. कोणत्याही गंमतीत राणीचा नवरा मेलेला दाखवला नव्हता, म्हणून ती अहेव, असा त्याचा विचार. माझा दीर, यांचा सख्खा भाऊ, त्याला हो म्हणाला. एवढे लोक म्हणतात तर, म्हणाला.

मी शाहिराला विचारलं, मिशी कोणी काढायला लावली?

"वहिनी, राणीले मिशी कशी चालन?"

"राणी तुमची असन. हा माणूस माहा हाय."

"लोकं लांबून आले, वहिनी. त्यायले राणीच पाहाची हाय."

मी माझे दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. बांगड्या अजून तशाच होत्या. म्हटलं, "अहेव हाय ना थे? मंग माह्या बांगड्या काऊन फोडता? माह्यं कोण मेलं?"

मागून आलेली जाऊ हातात दगड घेऊन दारातच थांबली. मी तिच्याकडून दगड घेतला, तिरडीपाशी बसले आणि यांच्या मनगटावरचा चुडा फोडला. एक काच त्यांच्या हातात रुतली. रक्त आलं नाही. मग त्याच दगडानं मी माझ्या फोडल्या. लुगडं सोडायला मुलगी आली. अंगणभर पुरुष उभे असताना आम्ही मायलेकींनी त्यांना धोतर नेसवलं. नीट जमलं नाही. कुंकू ओल्या पदरानं पुसलं तर कपाळभर पसरलं, पुन्हा पुसलं. मिशीचं काही करता आलं नाही. शाहीर रडत होता. त्याचं रडणं खरं होतं हे मला माहीत आहे. खरं असलं म्हणून काय झालं.

आमच्यात बाया मसनवटीत जात नाहीत. मी गेले, कारण शाहिरानं ते लुगडं घडी करून काखेत मारलेलं मला दिसलं. वाटेत या लोकांनी ते यांना पुन्हा नेसवलं असतं. दीर म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, "लोकायले विचारूनच तुमी भावाची मिशी काढली ना?" आग नीट धरेपर्यंत मी हलले नाही. लुगडं शाहिराच्या काखेतच राहिलं.

पुढे बरीच वर्षं दर उन्हाळ्यात त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम व्हायचा. खुर्चीवर लुगड्यातला फोटो, त्याला हार. शाहीर माइकवर सांगायचा, राणी हिरव्या चुड्यात गेली, अहेव गेली, आणि बाया डोळे पुसायच्या. एका वर्षी मी उभी राहून म्हणाले, हे खोटं आहे. दोन पोरांनी मला धरून खाली बसवलं. मावशी दुःखात आहे, म्हणाले. मी दुःखात नव्हते. मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

ते धोतरात गेले. चिता पेटली तेव्हा जवळ शाहीर होता, दीर होता, न्हावी होता आणि मी होते. ते तिघं आता नाहीत. मी आहे.