सखारामकाकांच्या डब्यातला भात

सखारामकाका... एवढंच नाव मला ठाऊक आहे. आडनाव विचारायचं त्या दिवशी सुचलं नाही, आणि आज विचारावं तर ते कुठे असतील कोण जाणे. पण डोळे मिटले की आधी त्यांचेच हात दिसतात — कडक इस्त्रीच्या पांढऱ्या बाह्यांतून बाहेर आलेले, नखांच्या कडांशी चिखलणीची जुनी रेघ राहिलेले हात, आणि त्या हातांत आंबेमोहोराचा भात.

मी तेव्हा पाचवीत होते. कोळवण खोऱ्यातली आमची दोन खाचरं पुण्याच्या एका साहेबांना हवी होती. दोन्ही बाजूंची जमीन त्यांनी घेतलेली, मधलं आमचं तेवढं राहिलं होतं. बोलणी करायला त्यांनी कॅम्पातल्या एका मोठ्या हॉटेलात जेवायला बोलावलं, गाडीही पाठवली. माझे वडील, म्हणजे दादा, यांना सहीपुरतं लिहिता येई. कागद पुढे आलाच तर वाचायला म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. गाडीत बसताना कानाशी लागून म्हणाले, "सोने, तितं काय बी खायाचं न्हाई. पानी प्यायचं फकस्त."

का, ते सांगावं लागलं नाही. आमच्याकडे जमिनीचा किंवा सोयरिकीचा विषय निघालेला असताना समोरच्याचं अन्न तोंडात घातलं, की होकार दिला असं धरतात. कागद मागाहून होतो...

आत पाऊल टाकलं तर भर उन्हाळ्यात अंगावर काटा आला, इतका गारवा. पायांखाली मऊ गालिचा, चमच्यांची देवघरातल्या घंटीसारखी बारीक किणकिण, आणि कुठूनशी येणारा भाजलेल्या लोण्याचा दरवळ — गाडीत बसायच्या आनंदात सकाळची भाकरी मी तशीच टाकून आले होते, त्यामुळे तो दरवळ नाकातून थेट पोटात उतरत होता. टेबलावर एकामागून एक बश्या येत गेल्या. साहेब माणूस वाईट नव्हता.

"घे ना बाळा, लाजतेस काय?"

"तिचं प्वाट बिघाडलंय जरा," दादा म्हणाले. त्यांची स्वतःची बशी कोरी होती, पौर्णिमेच्या चंद्रासारखी.

मग साहेबांचा फोन वाजला, ते उठून खिडकीशी गेले, दादा त्यांच्या पाठीकडे बघत राहिले — आणि माझं बोट कसल्याशा पांढऱ्या सायीला लागलं. सवयीनं मी ते चाटलं. जिभेवर गोडसर, मऊ काही विरघळलं आणि त्याच क्षणी डोळ्यांपुढे आमची खाचरं उभी राहिली, बांधावरचा उंबर, पाटाचं पाणी... सगळं मी एका बोटानं विकून टाकलं होतं. रडू आवरेना.

पाणी भरायला आलेला वाढपी वाकला. "का गं पोरी, काय झालं?"

"मी खाल्लं," मी कुजबुजले. "आता शेत गेलं."

त्यानं दादांच्या कोऱ्या बशीकडे पाहिलं. सगळं उमगल्यासारखी मान हलवली. "कुठली तू?"

"कोळवणची."

"मी मुठ्याचा. डोंगरापल्याडचा." मग डोळे बारीक करून म्हणाला, "बोट चाटल्याला खाल्लं म्हनत न्हाईत. तसं असतं तर आमच्या मांजरीनं आख्खा गाव इकत घेतला असता."

तो आत गेला आणि हॉटेलच्या चकचकीत बशीत थोडा भात, वर पावट्याची आमटी घेऊन आला. वासावरूनच ओळखलं — हा आपल्याकडचा आंबेमोहोर. "ह्यो माझ्या डब्यातला हाय. ह्यात सायबाचा दाना न्हाई. खा आता." दादांनी मान डोलावली, तेव्हा कुठे मी घास घेतला.

"सखाराम! डबा टेबलावर?" कोटातला मॅनेजर दबक्या आवाजात कडाडला. "आत ये, मग बोलतो तुझ्याशी."

सखारामकाका गेले. ते पुन्हा बाहेर आलेले मी पाहिले नाहीत.

साहेब परतले. दादांनी हात जोडले. "राग मानू नका साहेब. जमीन द्यायची न्हाई."

"अहो, निदान जेवा तरी!"

"द्यायची न्हाई म्हून तर जेवलो न्हाई."

परत आम्ही एसटीनं आलो. खिडकीतून बाहेर बघत दादा एकदाच बोलले, "त्या मानसाचं जेवलीस तू. ध्यानात ठिव."

शेत राहिलं, मात्र त्याला हात कमी पडत गेले, आणि नववीत माझी शाळा सुटली. त्याचं वाईट वाटत नाही असं नाही... आज मी बडोद्यात एका कॅन्टीनमध्ये शेकडो माणसांचा भात शिजवते. दादा आता नाहीत. दोन फार्महाऊसच्या कुंपणांमधल्या त्या खाचरांतला तांदूळ भाऊ दर दिवाळीला पाठवतो, आणि डब्याचं झाकण उघडलं की तो वास येतो आणि त्यापाठोपाठ जुनी धास्तीही — त्या दाराआड काय झालं असेल? माझ्या चार घासांपायी त्यांची नोकरी गेली असेल का? मागे माहेरी गेले तेव्हा कॅम्पात जाऊन आले. हॉटेलच्या जागी आता काचेची इमारत आहे. रखवालदाराला सखाराम हे नाव ठाऊक नव्हतं.

आता पुढच्या खेपेला डोंगर ओलांडून मुठ्यात जाणार आहे, घरोघर विचारत. काका, तुम्ही भेटाल तेव्हा तुम्हाला पाटावर बसवीन, आमच्याच खाचरातला भात वाढीन, वर पावट्याची आमटी... आणि तुम्ही पोटभर जेवून हात धुवेपर्यंत तुमच्याशी कसलाही विषय काढणार नाही.