बिनभोकाचा फोन

दुकानदार नवा फोन दाखवत होता तेव्हा मी त्याच्या कॅमेऱ्यात माझं टक्कल किती दिसतं ते पाहत बसलो, आणि ज्या एका गोष्टीसाठी मला पाठवलं होतं तीच पाहायची विसरलो. फोन माझा नव्हताच. तो होता माझ्या मोठ्या साडभाऊंचा, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. आणि गोंदिया जिल्ह्यात धानानंतर सगळ्यात जास्त पीक कशाचं निघत असेल, तर ते या गृहस्थांच्या रागाचं. धानाला निदान पाणी लागतं. साडभाऊंचा राग कोरडवाहू आहे आणि बारमाही आहे.

ते कावळ्यावर रागावतात, कारण तो रोज त्याच खांबावर बसतो. एसटी उशिरा आली तर तिच्यावर रागावतात आणि वेळेवर आली तर जास्त, कारण मग ती यांची चुकते. हवामानाची बातमी सांगणाऱ्या बाईंशी ते रेडिओच्या अलीकडून भांडतात. एकदा त्यांच्या ओसरीवर माझी चप्पल उलटी पडली, तर ते बराच वेळ त्या चपलेला बोलले. मला एक शब्द नाही. पाहुण्याचा मान त्यांनी कधी मोडला नाही. म्हशीनं दूध कमी केलं तेव्हा तिच्यासमोर पाट मांडून बसले आणि जाब विचारला, "काऊन? काई कमी पडलं का तुले? सांग ना!" म्हैस रवंथ करत राहिली. दुसऱ्या दिवसापासून दूध वाढलं असं गावात सांगतात. मी ते खोटं मानत नाही. माझ्यासमोर तसं कोणी पाट मांडून बसलं असतं तर मीसुद्धा दिलं असतं.

पण हा राग गावाच्या कामाचा आहे. त्यांचं गाव इटियाडोह धरणाच्या नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पार शेपटाकडे. पाणी येतं ते वरच्या गावांतून, आणि वरचे लोक आपल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, तुडुंब भरल्याशिवाय गेट उघडत नाहीत. अशा वेळी शेपटाकडचे शेतकरी अर्ज-बिर्ज करण्यात वेळ घालवत नाहीत. ते साडभाऊंना मोटरसायकलच्या मागे बसवतात आणि गेटापाशी नेऊन सोडतात. साडभाऊ तोंड उघडतात, बगळे उडतात, वरचे लोक दोन पावलं मागे सरतात आणि थोड्या वेळानं पाणी खाली येतं. "भाऊच्या गळ्यावर आमचं धान आहे जी," असं तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला सांगितलं होतं, आणि सांगताना तो हसत नव्हता.

अशा माणसाच्या गळ्यात कायम एक वायर असायची. कानात घालायची, साधी, जागोजागी चिकटपट्टी मारलेली. बांधीत फोनचं नेटवर्क येत नाही, पण ती वायर लावली की फोनमधला रेडिओ लागायचा, कारण वायरच त्याचा अँटेना. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत साडभाऊ चिखलात वाकलेले आणि एका कानातून बातम्यांवर चिडलेले, हे दृश्य तिकडे सगळ्यांच्या ओळखीचं. मग जुना फोन एका बांधीत बुडाला आणि त्यांनी मला गोंदियाला निरोप धाडला, "फोटो नाई निघाले तं चालते. पन वायरीचं भोक पाह्यजे."

मी फोन घेऊन गेलो. त्यांनी तो हातात घेतला, गळ्यातली वायर उपसली आणि पिन घेऊन फोनच्या चारी बाजू तपासल्या, जसा बैल घेताना दात तपासतात. मग माझ्याकडे पाहिलं.

"भोक कोठी आहे?"

"भाऊजी, आता ते येत नाही. दुकानदारच म्हणाला, 'भैया, वो होल का जमाना गया.'"

"कोठी गेला? कोनाले विचारून गेला?"

मी म्हणालो, फोन पातळ करायचा असतो, पाणी आत जाऊ नये म्हणून असतं, जगभर आता बिनवायरचंच चालतं. हे सगळं मी दुकानदाराकडून ऐकलं होतं आणि माझंच असल्यासारखं सांगत होतो.

"पातळ?" साडभाऊ कडाडले. "मी काय फोन पोळीसंगं खाऊन राहिलो का? पातळ कायले पाह्यजे? मी मागतलं होतं का पातळ?"

पुढच्या खेपेला मी बिनवायरची कानातली घेऊन गेलो. त्यांनी ती तळहातावर घेतली, पावट्याच्या दाण्यांसारखी, आणि म्हणाले, "वायर कानातून पडली तं गळ्यात राहाते. हे चिखलात पडलं तं काय पुढच्या पावसाळ्यात उगवते?" त्यांचं खोटं नव्हतं. त्यातलं एक आठवड्याच्या आत बांधीत गेलं आणि अजून उगवलेलं नाही. मग मी ती छोटी शेपटी नेली, जी चार्जिंगच्या भोकात बसवली की तिच्यात वायर लावता येते. मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प बसेल. पण त्या शेपटीनं त्यांचा राग जेवढा पेटला तेवढा खुद्द फोननंही पेटला नव्हता. "आधी भोक काढाचं आन मग भोक इकाचं! घराचं दार बुजवाचं आन मंग त्याच मानसाले खिडकी इकाची! आन ऐकत राहीन तं चार्ज कोठून करू? देवानं खाचं तोंड येगळं देल्लं, आयकाचे कान येगळे देल्ले. हे कोन देवापेक्षा शहाने आले बे?" ती शेपटी त्यांनी वापरली नाही. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवून दिली, पुरावा म्हणून.

खरं सांगायचं तर मला वाटायचं, हे सगळं रेडिओसाठी चाललंय. म्हातारपणाकडे झुकलेला हट्टी माणूस, दुसरं काय. आणि आपण सुधारलेले असल्याचा मला जरा माज होता. त्या माजात मी दिवाळीनंतरच्या मंडईला त्यांच्याकडे जाताना एक बिनवायरचा स्पीकर सोबत घेतला. लाल-निळे दिवे लागणारा, गोंदियातल्या आमच्या किरकोळ वस्तूंच्या दुकानात विकायला ठेवलेला पण न विकला गेलेला.

आमच्या भागातली मंडई ज्याला ठाऊक नाही त्याला एवढंच सांगतो की त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे येतात, दिवसा बाजार भरतो, रात्री नाटक असतं, आणि वर्षभराचं भांडण त्या एका दिवसापुरतं खुंटीला टांगलेलं असतं. म्हणूनच साडभाऊंच्या ओसरीवर, खाटेवर, वरच्या गावचे एक जाड मिशीवाले पुढारी शेतकरीही बसलेले होते, ज्यांच्याशी नहराच्या पाण्यावरून यांचं दरवर्षी जुंपतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी गेटापाशी उन्हाळी धानाच्या पाण्याची बैठक होती. पण आज मिशीवाले चहा पीत होते आणि साडभाऊ स्वतः त्यांच्या बशीत चिवडा वाढत होते.

मी सगळ्यांसमोर साडभाऊंचा फोन घेतला, स्पीकरला जोडला आणि त्यावर सनई लावली. "पाहा भाऊजी! वायर नाही, काही नाही." पाहुण्यांनी वाहवा केली.  साडभाऊंनी फोन घेतला, खिशात टाकला आणि जेवणं झाल्यावर ते मागच्या कोठ्यात, गुरांच्या गोठ्यात, निघून गेले. जोडलेला फोन परत तोडायचा असतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

ओसरीवर आम्ही पान खात बसलो होतो आणि एकदम स्पीकरचे दिवे लागले. आतून खाकरल्याचा आवाज आला. मग एक पुरुष, हळू, अगदी हळू आवाजात, गाऊ लागला.

"झोप वं माय, झोप. म्हशी झोपल्या, बगळे झोपले. बापू आहे ना धुऱ्यावर, तू झोप..."

आधी कोणाला कळलंच नाही. त्या आवाजाला धार नव्हती, कोपरे नव्हते. शेवटी मिशीवाल्यांच्या हातातलं पान तसंच राहिलं आणि ते पुटपुटले, "हे तं भाऊ होय!"

साडभाऊंच्या मुलीला नागपूरला मुलगी झाली होती. ती चिमुरडी रात्रभर रडायची आणि एकदा फोनवर आजोबांचा, म्हणजे तिच्या बापूंचा, आवाज ऐकून झोपली होती. तेव्हापासून साडभाऊ रोज लांबच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन, कोणी नाही असं पाहून, गाणं भरायचे, वायर लावून स्वतः तपासायचे आणि मगच घरी येऊन पाठवायचे. हे आम्हाला नंतर मुलीनं सांगितलं. वायर गेल्यापासून ते फोन कानाला लावून तपासत. आताही कोठ्यात तेच करत होते. पण फोनमधून आवाज येईना, कारण आवाज आमच्याकडे येत होता. म्हणून त्यांनी तो वाढवला. ओसरीवर गाणं मोठं झालं. त्यांना तरी ऐकू येईना. त्यांनी अजून वाढवला.

"...चोट्टे झोपले वं माय, वरच्या गावचे चोट्टे झोपले! आता पानी येते आपल्या बांधीत, येते झुळझुळ, तू झोप..."

मी स्पीकरवर झडप घातली आणि घाईत भलतंच बटण दाबलं. दिवे नाचायला लागले. रस्त्यावरून मंडईला जाणारे लोक थांबले. साळीबाई, म्हणजे साडभाऊंची बायको, हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. गाणं संपलं. मी सुटकेचा श्वास घेतला. तेवढ्यात साडभाऊंनी, काहीच ऐकू आलं नाही म्हणून, ते पहिल्यापासून परत लावलं.

ते कोठ्यातून बाहेर आले तेव्हा दुसऱ्यांदा चोट्टे झोपत होते. त्यांनी दिव्यांकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. आता छप्पर उडणार. पण ते एवढंच म्हणाले, "बंद करा ते," आणि पायात काही न घालता शेताकडे निघून गेले. रात्री नाटकालाही आले नाहीत. शेपटाकडचे चार शेतकरी तंबूबाहेर उभे राहून कुजबुजत होते. तो म्हातारा माझ्याजवळ आला. "आता त्याले कोन भेते जी? उद्या पान्याचं कसं?"

सकाळी मी बैठकीला गेलो, कारण न जाणं जास्त अवघड होतं. नहराच्या काठावर दोन्हीकडची माणसं जमलेली. साडभाऊ उभे राहिले आणि बोलायला तोंड उघडणार, तोच मिशीवाले म्हणाले, "काय जी भाऊ, नात झोपली का? का चोट्ट्याइची वाट पाहून राहिली?"

सगळा काठ हसला. साडभाऊंचं तोंड मिटलं. त्यांनी खाली पाण्याकडे पाहिलं, आणि आमच्या बाजूच्या माणसांचे चेहरे असे उतरले की मला माझा स्पीकर नहरात फेकावासा वाटला. मग साडभाऊंनी खिशातून फोन काढला आणि उंच धरला.

"याच्यात भोक होतं!" ते गरजले. बगळे उडाले. "काढलं. कोनं काढलं? वर बसला त्यानं. मले विचारलं? नाई! म्हने कोनाले गरज नाई. कोनाले नाई बे? ज्याच्यापाशी दुसरं आहे त्याले नाई! वरच्यानं बुजवाचं आन खालच्यानं गुमान नवीन घेत राहाचं! माह्या नातीचं गानं माह्या कानातलं होतं. ते आता रस्त्यावर आलं. ज्यानं आनलं त्याच्यापावतर माहा आवाज जात नाई." मी एका मोहाच्या झाडाआड सरकलो, पण त्यांच्या मनात मी नव्हतो, त्यांच्या मनात कुठल्या तरी थंड इमारतीत बसलेली, कधीच न दिसणारी माणसं होती. "त्याच्यापावतर जात नाई. पन तुमच्यापावतर जाते ना! तुमी तं इथं उभे आहा ना माह्यासमोर! मंग तुमी कायले बुजवून राहिले? हासाचं तं हासा. पन गेट खोला!"

कोणी हसलं नाही. मिशीवाल्यांनी जरा वेळ मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "खोलतो जी भाऊ. बसा तुमी. पाळ्या लावून घेऊ." पाळ्या लागल्या. शेपटाची पाळी पहिली ठरली, जी आजवर कधी ठरली नव्हती. मात्र एक गोष्ट माझ्या नजरेत राहिली. एरवी साडभाऊ बोलायला लागले की लोक दोन पावलं मागे सरत. त्या सकाळी कोणी मागे सरलं नाही. सगळे जागच्या जागी उभे राहून त्यांचं ऐकत होते, आणि साडभाऊंना त्याची सवय नव्हती. बोलणं संपल्यावर ते हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे उभे राहिले.

दुपारी आम्ही गोंदियाला निघालो. स्पीकर मी पिशवीत तळाशी, धुवायच्या कपड्यांखाली दाबला होता. बरंच अंतर कापल्यावर मी बायकोला म्हणालो, "पाणी मिळालं ते ठीक झालं, पण तुझ्या बहिणीला केवढं लाजिरवाणं वाटलं असेल. काल दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या."

बायको खिडकीबाहेर कापलेल्या बांध्यांकडे पाहत होती. "लाज?" ती म्हणाली. "माह्या बाईनं त्या घरात दोन लेकरं वाढवली जी, पन भाऊजीचा तसा आवाज तिच्या कानावर कधी पडला नाई. निघताना मले आत नेऊन विचारून राहिली होती, तो गान्याचा डब्बा चार दिवस माह्यापाशी राहू देता का म्हून."