साचेखात्यातले मौन

खळीचा वास आधी येई, बाबा मागून. ताण्याच्या सुताला लावायची ती शिजलेली, आंबूस खळ आणि तिच्यात मिसळलेली ओलसर कापसाची धूळ. माझ्या लहानपणीची संध्याकाळ म्हणजे हा वास. गिरणी बंद झाली आणि तो त्यांच्या सदऱ्यांतून धुण्यागणिक विरत गेला. बाबांचे बोलणेही तसेच विरले. कुणी कागद घेऊन दारात आले, व्यवसाय विचारला, की ते म्हणत, "काही नाही, लिहा."

मी तेव्हा आमच्याच शहरातल्या, भंवरकुआं चौकाजवळच्या विद्यापीठात जपानी वसाहतवादावर प्रबंध लिहीत होते. राजवाड्याच्या बाजारात परदेशी मालाच्या पाट्या उजळत होत्या, आणि मी कोरियातल्या एका जपानी मालकीच्या कापडगिरणीत, जुन्या छायाचित्रातून, झोपेत चालावे तशी फिरत असे. मागांची लांब रांग, उंच खिडक्यांतून उतरणारा दुधाळ उजेड, डोक्याला पांढरे रुमाल बांधलेल्या मुली. सगळ्यांचे ओठ मिटलेले. त्या मिटल्या ओठांवर मी एक अख्खे प्रकरण उभारले होते: सत्ता देहात कशी शिरते, वसाहत माणसाला मुके कसे करते. मार्गदर्शकांनी समासात 'सुंदर' असे लिहिले होते. सोमवारी ते प्रकरण समितीपुढे जायचे होते.

शनिवारी दुपारी छायाचित्राची प्रत टेबलावर राहिली. बाबांनी ती उचलून उजेडात धरली.

"काय लिहिलंस यांच्यावर?"

"की या मुली गप्प आहेत. त्यांना गप्प केलंय."

"गप्प?" कित्येक महिन्यांनी ते हसले. "अगं बेटा, तुझे प्रोफेसर साहब साचेखात्यात कधी गेले होते का? एवढे साचे धडधडत असताना तोंडाने कोण बोलेल? घसा काय भाड्याने आणलाय?"

गिरणीत मागाला साचा म्हणतात, एवढे मला ठाऊक होते. पुढचे नव्हते. बाबांनी दोन्ही हात उचलले. चिमूट झटकन सुटली: धागा तुटला. तळहाताची वाटी झाली: चहा. नाकाखालून एक बोट फिरले: जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येतोय, सावध.

"आता ही तिसरी बघ. हिचं बोट कुठाय?"

नाकाखाली. मी त्याला संकोच म्हटले होते, दीड पान.

"पण बाबा, तो कोरिया आहे."

"तो क्या हुआ? तिथल्या जॉबरला मिशा नसतील?"

पुरावा म्हणून हे टिकणारे नव्हते. त्या मुलीचे नाक नुसते खाजतही असेल. पण ते मौन आता मलाच कुठे ऐकू येईना. बाबांचे हात बोलत राहिले, थट्टा, भांडण, कुणाच्या घरचे बाळंतपण, आणि बंद खोलीत कुठूनसा खळीचा वास दरवळल्यासारखे वाटले.

सोमवार हुकणार होता. मी प्रकरण बाजूला सारले, बाबांची मुलाखत लिहून घ्यायला कोरा कागद ओढला. माहिती देणाऱ्याचे नाव गाळता येते. व्यवसाय मात्र लिहावाच लागतो. 'काही नाही' ऐकण्याची तयारी ठेवूनच मी विचारले,

"व्यवसाय काय लिहू, बाबा?"

त्यांचे हात क्षणभर हवेतच थांबले.

"साचेवाला."