मुशीच्या पोटातली पिल्लं

मुलगी झाली तेव्हा बायको मिरजेच्या दवाखान्यात होती. दूध उतरत नव्हतं. शेजारच्या खाटेजवळची कोकणातली म्हातारी म्हणाली, "मुशी खायला घाला हिला." मुशी म्हणजे छोटा शार्क. मी उंब्रजचा ऊसवाला; मुशी कधी पाहिलीही नव्हती.

मासळी बाजारात विकणाऱ्या बाईने बर्फावरची दोन हात लांब मुशी ओढली. कोयत्याच्या दोन घावांत डोकं तोडलं, पर छाटले आणि पोट टराटरा फाडलं. रक्ताबरोबर पाच पिल्लं फळीवर घसरली. पुरी वाढलेली, डोळे उघडे.

"आवं मावशी, ही गाभण हाय!" मी ओरडलो.

"जाळ्याला काय कळतंय, भाऊ? पूर्वी माणसाएवढ्या यायच्या. सगळ्या माशांवर वचक होता त्यांचा. ट्रॉलरवाल्यांनी ओरबाडून नेल्या. यांना पिल्लं मोजकीच होतात, तीपण अशी पोटातच मरतात."

तिने पिल्लं बादलीत भिरकावली. बकरी कापताना मी लहानपणापासून बघत आलोय, पण त्या बादलीकडे मी पाठ फिरवली. तरी मी मुशी घेतली. बायको रस्सा प्यायली आणि तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. पिल्लांचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.