राख कुठं जाते जी?

प्रबंधासाठी माहिती गोळा करायला निघालं की माहिती मूठभर मिळते, किस्से पोतंभर! माझा विषय भारदस्त आहे: शाश्वत जीवनशैली आणि जबाबदार व्यवसाय. कामाचा प्रश्न मात्र एवढाच, की राईस मिलमध्ये भाताचं तूस जाळून उरलेली राख कुठं जाते? गाइड सरांनी बजावलं होतं, "मालकाच्या सहीचं उत्तर आण. नाहीतर चौथं प्रकरण गाळून टाक." चौथं प्रकरण म्हणजे माझी दोन वर्षांची मेहनत!

*

राईस मिल असलेल्या सिहोरा गावात पहिल्या दिवशी बायकांना निरोप दिला, "उद्या शाश्वत जीवनावर बोलू." दुसऱ्या दिवशी सगळ्या आंघोळी करून, नारळ घेऊन हजर! एकीनं हळूच विचारलं, "बाई, महाराज कवा येऊन राहिले?"

तेव्हापासून मी सरळ 'राख' म्हणते.

*

प्रश्नावलीची ट्रायल सासरी, शहापूरला सासूबाईंवर घेतली. लग्नाला तीनच महिने झालेले, म्हणून आवाज मऊ ठेवला. "आई, घरातल्या कचऱ्याचं काय करता?"

"आपल्या घरी कचरा निंगतच नव्हता व माय," त्या म्हणाल्या. "तू आली अन् कागदच कागद होऊन राहिले!"

*

सिहोऱ्याच्या मिलमध्ये मुनीमजी भेटले. "मालक नागपूरले गेले."

"कधी येतील?"

"तुमी गेल्यावर!"

मी गेटजवळच्या बाकावर बसून डबा उघडला. मालक काही आले नाहीत. पुढच्या गुरुवारी मी पुन्हा डबा घेऊन गेले.

*

मिलमागच्या तलावावर एक काका जाळं सोडवत होते. म्हटलं, "काका, राख इथवर येते?"

"आमच्या बाया मासोळी राख लावून साफ करतात," ते म्हणाले. "आता मासोळी पाण्यातूनच राख लावून येते. तेवढंच काम कमी!"

हसले मात्र नाहीत.

*

सहाव्या गुरुवारी शेठजी सापडले. "काहून एवढी मागं लागली, पोरी? लिही, आमच्याकडं राख उडत नाही."

"तुम्हीच लिहा ना, शेठजी. खाली सही पण."

चहा येऊन संपेपर्यंत फॉर्म टेबलावर पडून होता. मग त्यांनी तो उचलला, जोरात फुंकर मारली, बाहीनं पुसला आणि लिहिलं: 'राख उडत नाही.'

"फुंकर कायले मारली जी?" मी विचारलं.

"सवय आहे."

माझा प्रश्न आणि त्यांचे ते दोन शब्द मी त्यांच्या ओळीखाली तसेच उतरवले आणि फॉर्म सहीसाठी पुढं सरकवला.

शेठजींनी पुन्हा फुंकर मारली. आणि सही केली!