बाळकृष्णाच्या कपाळी तनाखा

तंजावूरच्या राजवाड्यामागील आमच्या गल्लीत सुगंधी द्रव्यांविषयी अधिकारवाणीने बोलणारा मी एकटाच होतो. मन लावून ऐकणाराही बहुधा मीच असे. कॉलेजात इतिहास शिकवीत असल्यामुळे कोणत्याही विषयावर मत देण्याचा परवाना आपल्याला मिळाला आहे, अशी माझी समजूत होती. कृष्णवेणीआत्याची हकीकत सांगताना ही समजूत आधी नोंदवणे भाग आहे. आत्याला माझ्या विद्वत्तेचा उपयोग झाला तो एवढाच, की ती विद्वत्ता नेमक्या वेळी चुकली.

आत्या लग्न होऊन रंगूनला गेली, तेथेच विधवा झाली आणि १९६४ साली तिकडचे हिंदी लोक परतू लागले तेव्हा बोटीने मद्रासला उतरून आमच्याकडे आली. सोबत एक ट्रंक आणि खरबरीत सालीचे, हातभर लांब तनाखाचे लाकूड. त्याची साल ओल्या दगडावर उगाळली की पिवळट लेप निघतो. ब्रह्मदेशात बायका, मुले, पुरुषसुद्धा तो गालांना लावतात. ऊन बाधत नाही, कातडी गार राहते. आत्याही न्हाल्यावर तो लावी.

माझ्या आईला, राजमला, ते सोसले नाही.

"कृष्णवेणी, हे रंगून नव्हे. गाल रंगवून भाजीला गेलीस तर गल्ली काय म्हणेल? नवरा जाऊन वर्ष नाही झालं."

"रंग नव्हे गे वैनी. ऊन लागू नये म्हणून."

"ऊन मलाही लागतं. मी काय भिंतीसारखी सारवून घेते?"

आईने लाकूड काढून घेतले. पण वास चांगला, म्हणून फेकवेना. ते देवघराच्या कपाटात गेले. आत्या भांडली नाही, फक्त घराबाहेर पडायची थांबली. लेपावाचून रस्त्यावर जाणे तिला पदरावाचून जाण्यासारखे वाटे.

यातले मला काही ठाऊक नव्हते. घरात चाललेले मला सहसा ठाऊक नसे. पूजा मात्र माझ्याकडे होती. चंदनाचे खोड झिजून संपले, तेव्हा कपाटात हे लाकूड सापडले. हुंगून मी निकाल दिला, "म्हैसूरचे जुने चंदन!" आणि सहाणेवर उगाळता उगाळता, जुन्या चंदनाला पिवळी झाक का येते, यावर स्वयंपाकघराच्या दिशेने व्याख्यान देऊ लागलो. आई चुलीपाशी हूं म्हणत राहिली.

एका सकाळी आत्या नमस्काराला आली. देवाकडे पाहतच राहिली.

"वादिराजा, बाळकृष्णाला उन्हात कुठं धाडतोस रे?"

"म्हणजे?"

"रंगूनला पोरं शाळेला निघाली की अस्संच लावतात."

आई पळी घेऊनच आली. तिने लाकूड पाहिले, मग मला पाहिले.

"तू कॉलेजात शिकवतोस ना रे?"

कोणतेही सुवासिक काष्ठ देवाला चालते, असा आधार मी शोधू लागलो; माझ्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. आई उरल्या लेपाची वाटी धुवायला उचलणार, तोच आत्याने तिच्यात बोटे बुडवली.

"देवाला लावून उरलेलं आहे, वैनी. प्रसादाला नको कसं म्हणू?"

तिने दोन्ही गालांवर वाटोळा लेप दिला, पिशवी घेतली आणि बाहेर पडली. ओट्यावर शेजारच्या अंबाबाई उभ्या होत्या.

"अय्यो! गालाला हे काय?"

आत्याने तोंड उघडण्याआधीच आतून आई ओरडली, "प्रसाद आहे!"

दुसऱ्या दिवशी मी सहाणेपाशी बसलो, तेव्हा आई म्हणाली, "आज थोडं जास्त उगाळ. आणि न बोलता."