हिरव्या कापडातलं गाढव

माझा राग लवकर चढतो, असं शाळेत सगळे म्हणतात. खोटं नाही. पण त्या मार्चात एका दुपारी चढला तसा राग आयुष्यात चढला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढायचा हे कळायच्या आत मी तो माझ्या आईवर काढून मोकळी झाले. तेही चार बायकांसमोर.

वसमतजवळ हट्ट्याला आमच्या घरात आम्ही दोघीच राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर मराठी शिकवते. अम्मा पंच्याहत्तरीच्या पुढची, एका डोळ्यात मोतीबिंदू, गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. घरात दखनी चालते, मराठीही चालते. भांडायचं असलं की अम्मा मराठी धरते. दखनीत भांडलं तर समोरच्याला लागत नाही, असं तिचं म्हणणं.

त्या आवाजावरच गल्लीत अम्माची इज्जत उभी आहे. मतदानाला ती अंगठा लावते, पण कुराणातली अरबी अक्षरं वरच्या-खालच्या खुणांसकट धडाधड वाचते. पहाटेच्या नमाजेनंतर रोज वाचते, साठ वर्षांत खाडा नाही. कुणाच्या लेकराचा ताप उतरेना की एका हातात दवाखान्याची चिठ्ठी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन बायका तिच्याकडे येतात. अम्मा वाचते, पाण्यावर फुंकर घालते, म्हणजे दम करते, आणि बायका ते पाणी घेऊन जातात. आणि जे वाचते त्यातल्या एका शब्दाचाही अर्थ तिला ठाऊक नव्हता. मलाही नव्हता. हे लिहिताना आजही माझे दात आवळले जातात.

सात वर्षांची असताना मी गल्लीतल्या हाफिजजींकडे कुराण पढायला जायची. ओसरीवर आम्ही पंधरा-वीस पोरं एकदम मोठ्यानं वाचायचो. एकदा मी एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हाफिजजी, ह्याचा मतलब काय?" त्यांनी लिंबाची छडी त्याच बोटावर मारली. "मतलबाशी तुला काय करायचं? पढ." घरी येऊन सुजलेलं बोट दाखवलं तर अम्मा म्हणाली, "काहून विचारलंस? पढ म्हणले तर पढायचं." मी पढले. दोन वर्षांत सगळं वाचून पुरं केलं, गल्लीभर बत्तासे वाटले, मला नवा दुपट्टा आला. आणि पाण्याला अरबीत काय म्हणतात ते मला त्या दिवशी येत नव्हतं.

कुराणाचे तर्जुमे, म्हणजे भाषांतरं, बाजारात मिळतात, हे मला कुणी सांगू नका. मराठीतला माझ्याकडे आहे, वाचलाय. पण ज्या शब्दावर मार खाल्ला त्या शब्दाचा अर्थ मला त्याच शब्दापाशी उभं राहून हवा होता. अम्माला उर्दूही वाचता येत नाही आणि मराठीही. मी तर्जुमा वाचून दाखवते म्हटलं की ती हात झटकायची. "ते कुणा माणसानं लिव्हलेलं. माझं हाय ते बराबर हाय."

गेल्या वर्षी माझ्या मामेभावानं फोनवर एक पुस्तक धाडलं. तो आखातात गाडी चालवतो. पुस्तकात तिकडच्या लहान पोरांसाठी सोप्या करून लिहिलेल्या जुन्या गोष्टी होत्या: कावळा, कोल्हा, म्हातारा सिंह, मीठ वाहणारं गाढव. "आपा, व्याकरणाच्या नादी लागू नको," तो म्हणाला, "लेकरं शिकतेत तसं शीक." वसमतला झेरॉक्सच्या दुकानात मी ते छापून घेतलं. चित्रं सगळी काळे डाग होऊन आली. दुकानदारानं अक्षरं बघितली, काउंटर फडक्यानं पुसला आणि विचारलं, "मॅडम, ह्याला भोकं पाडली तर चालतंय ना?" मी म्हटलं, बिनधास्त पाडा, आत कोल्हा आहे. त्याला काही ते पटलं नाही. बाइंडिंगची तार घालायच्या आधी तो हात धुऊन आला.

घरी अम्मानं ते पुस्तक माझ्या हातातून घेतलं, डोळ्यांना लावलं, त्याचा मुका घेतला. "मक्केकडून धाडली व्हय दुवांची किताब? पोरगं गुणाचं हाय."

मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. का मिटलं ते सांगते, लाज वाटते तरी. ती किताब हातात असली की अम्मा मला पीठ मळायला हाक मारणार नाही, हे माझ्या तेवढ्यातल्या तेवढ्यात लक्षात आलं होतं. आणि नाहीच मारली तिनं. उलट माझ्या जुन्या दुपट्ट्याचं हिरवं कापड काढून पुस्तकाला खोळ शिवली आणि कपाटावर, स्वतःच्या कुराणाशेजारी, मानानं ठेवून दिलं. मी ते घेऊन पलंगावर लोळले की ओरडायची, "पाय आवर! वजू केलास का?" मग मी हातपाय धुऊन, डोकं झाकून, ताठ बसून कोल्ह्याची गोष्ट वाचायची. पाच महिने हे चाललं. इतका मान कुठल्या कोल्ह्याला मिळाला नसेल.

भाऊ फोनवर उच्चार आणि अर्थ सांगायचा, मी वहीत लिहून घ्यायची. शिकण्याचा आनंद होतो म्हणतात. मला तर पानागणिक राग येत गेला. पाणी, झाड, रस्ता, माणूस, 'म्हणाला': एकही शब्द नवा निघेना. सगळे लहानपणापासून माझ्या जिभेवरून ये-जा करणारे, आणि आमची कुणी साधी ओळख करून दिली नव्हती. असा एखादा शब्द कावळ्याच्या तोंडी भेटला की मला ते सुजलेलं बोट आठवायचं. हाफिजजी वारून वीस वर्षं झाली, तरी मी मनातल्या मनात त्यांच्याशी कडाकडा भांडायची.

आणि मी स्वतः काय करत होते? माझ्या वर्गात बंजारा तांड्यावरची पोरं आहेत. घरी गोरमाटी बोलतात, पुस्तक मराठी. धडा घडाघडा वाचतात, आणि मी प्रत्येक ओळीला अडवते, अर्थ सांग, मगच पुढं. त्या पोरांना अर्थ पाहिजे. घरी आईला मात्र मी कोल्ह्याचा मुका घेऊ दिला होता.

मार्च म्हणजे आमच्याकडं हळद शिजवायचे दिवस. शाळा सकाळची झाली होती. दीडच्या सुमाराला मी घरी आले तर दारात चार जोडी चपला. आत शेजारीण आणि तिच्याबरोबर तीन बायका, हळदीच्या कामावरून उठून आलेल्या, हात धुतलेले तरी पिवळेच. शेजारणीच्या नातीचा ताप तिसऱ्या दिवशीही हटत नव्हता. मधे पाण्याचा तांब्या. अम्मा मांडी घालता येत नाही म्हणून पाटावर बसलेली, मागं-पुढं डोलत होती, आणि तिच्या मांडीवर हिरवी खोळ. तिची नव्हे, माझी. मक्केची किताब जास्त गुणाची, असा तिनं हिशेब केला असणार.

आवाज तोच, पहाटेचा. ओढ तीच, थांबे तेच. आणि त्या सुरात मला स्वच्छ ऐकू आलं: हिमार. म्हणजे गाढव. दोनच दिवसांपूर्वी मी ते पान संपवलं होतं. गाढव ओढ्यात पडतं, पाठीवरचं मीठ विरघळतं, ओझं हलकं होतं, आणि गाढव स्वतःशी म्हणतं, उद्यापण इथंच पडायचं. अम्माच्या डोळ्यांना धार लागली होती. बायका आमीन, आमीन म्हणत होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अम्मा, बंद कर!" मी दारातूनच ओरडले. "दुवा नाही ती! गाढवाची गोष्ट आहे, गाढवाची!"

एकीनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती ते सगळ्यांना दिसलं. शेजारणीनं तांब्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "मग ह्या पाण्याचं काय करू वो?" दुसरी म्हणाली, "राहू द्या बाई, अल्ला नियत बघतो." पाणी शेवटी शेवग्याच्या बुडाशी गेलं. पोरीचा ताप वसमतच्या डॉक्टरच्या औषधानं दोन दिवसांनी उतरला.

बायका गेल्यावर अम्मानं विचारलं, "कवापासून ठाऊक हाय तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग काहून बोलली न्हाईस?"

पीठ मळायचा कंटाळा म्हणून, असं आईला कोण सांगेल? तिनं हिरवी खोळ काढली, घडी घातली आणि उघडं पुस्तक माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं नमाज पढली, पण कपाटावरचं कुराण काढलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भांडली असती तर मी निभावलं असतं, ती भांडेचना. दखनीतच बोलायची, तेही जेव, झोप, दार लाव, एवढंच. गल्लीत बोभाटा झाला होता. किराणा दुकानदार हसत म्हणाला, "मॅडम, तुमच्या अम्मानं गाढवाला दम केला म्हणे?" मी त्याला असा झापला की त्यानं उरलेलं सामान मुकाट्यानं बांधलं. पण त्याला झापून काय होणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. आईची साठ वर्षांची इज्जत मी एका वाक्यात मातीत घातली होती, आणि तिनं आता पुन्हा कधीच वाचलं नाही तर ते माझ्याच माथी होतं.

आठव्या दिवशी ती तुरीची डाळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मला एक सांग. साठ वर्ष वाचून राहिले. समोर गाढवाचं आलं, तवा मला काहून कळलं न्हाई?" हे ती मराठीत म्हणाली, म्हणून मी जवळ जाऊन बसले.

अल्ला नियत बघतो, असं मलाही म्हणता आलं असतं. पण ते तिचं समाधान करण्यासाठी झालं असतं, आणि तिला फसवून मी एकदा बघितलं होतं. "मतलब ठाऊक नव्हता म्हणून, अम्मा."

"म्हंजी दोन्ही मला सारखंच परकं."

मी उठले, माझं पुस्तक आणलं, गाढवाचं पान काढलं आणि एका शब्दाखाली बोट धरलं. "हे वाच."

"क़ाला," तिनं वाचलं.

"हा शब्द तुझ्या कुराणात आहे?"

"पानापानाला हाय."

"त्याचा अर्थ 'म्हणाला'. गाढव म्हणाला, कोल्हा म्हणाला. म्हणाला."

अम्मानं डाळीचं सूप बाजूला सारलं. भिंत धरून उठली, वजू केला, आणि मला कुराण खाली काढायला लावलं. चष्मा कपाळावर सरकवून बऱ्या डोळ्यानं ती ओळीवरून बोट फिरवत गेली. थांबली. "म्हणाला." पुढच्या ओळीत पुन्हा. "म्हणाला." पान उलटलं. चार पानं झाली, पाच झाली. मला वाटलं ती रडेल. ती रागानं लाल झाली होती.

"इतकंच?" ती म्हणाली. "रोज जिभेवर होतं माझ्या. आन एका बी मुडद्यानं सांगितलं न्हाई. हाफिजजीनं न्हाई, तुझ्या बापानं न्हाई!"

"हाफिजजींना तरी कुठं ठाऊक होतं," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची बाजू घेतली.

"मग म्हणायचं व्हतं, मला ठाऊक न्हाई! लेकराच्या बोटावर छडी काहून मारली?" आणि एकदम तिचा आवाज उतरला. "म्या बी तवा तुलाच बोलले. काहून विचारलंस म्हणून."

तिच्या लक्षात होतं. ती पुन्हा पानाकडं वळली आणि एका ओळीवर बोट रोवलं. "हितं कोण म्हणाला? काय म्हणाला?"

मी वाकून बघितलं. ओळ लांबलचक होती. त्यातले तीन शब्द मला लागले, बाकीची वाट बंद. "एवढं नाही येत अजून, अम्मा. माझं गाढवापर्यंतच झालंय."

अम्मानं चष्मा खाली ओढून माझ्याकडं बघितलं.

"मग उद्या शाळेला रजा टाक," ती म्हणाली. "आन बसून शीक. पीठ म्या मळते."